वर्गणीची वही

धावणारा मैदानात एकटा दिसतो, म्हणून इतिहासही त्याच्या एकट्याचाच लिहिला जातो. सातारा-सांगलीचा अनुभव मात्र निराळा आहे.

1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी निवडलेल्या धावपटूंत सातारचे सदाशिव दातार होते. त्या चमूसाठी सर दोराबजी टाटांनी पदरचा पैसा घातला. 1952 साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीस निघाले. ते धावपटू नव्हेत, मल्ल. पण वाटखर्चाची अडचण तीच. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले.

सातारचा माण आणि सांगलीचा आटपाडी हे तालुके माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यात येतात. माणमधील मोही गावच्या शेतकरी घरातली ललिता बाबर 2016 साली रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीतील तिची 9 मिनिटे 19.76 सेकंद ही वेळ तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होती.

टाटांची देणगी कागदावर राहते, गावाची वर्गणीही वहीत सापडते. पण कोरडवाहू शेतीत कामाचे दोन हात कमी करून घर मुलीला सरावाला सोडते, ती वर्गणी कोणत्या वहीत लिहावयाची? आपल्या तालुक्याचा क्रीडा-इतिहास लिहिताना पहिले पान त्या घरांसाठी राखले पाहिजे.