काजळीची कैफियत

वेल्समधील स्वान्सी येथे जन्मलेला, व्यवसायाने वकील असलेला आणि पुढे १८७१ साली इंग्लंडच्या न्यायासनावर बसलेला विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह याने सौम्य गंधकाम्लात प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या, म्हणजे विद्युदग्रे, अर्धवट बुडवून, एकीवर हायड्रोजनाची व दुसरीवर प्राणवायूची नळी उपडी घातली, आणि पाण्याच्या विघटनातून जे दोन वायू वेगळे होतात तेच पुन्हा एकत्र येताना विजेचा प्रवाह देतात, हे १८३९ व १८४२ या दोन सालांतील लेखांनी विद्वानांच्या निदर्शनास आणून दिले. बाझेलचा प्राध्यापक शेनबाइन यालाही त्याच सुमारास या गोष्टीचा मागमूस लागला होता. परंतु वायू, अम्ल आणि धातू या तिघांची गाठ जेथे पडते त्या चिंचोळ्या रेषेवरच सारे कार्य घडते, आणि म्हणून ती रेषा जितकी लांबवता येईल तितकी वीज अधिक मिळेल, हे मर्म ग्रोव्हने ओळखले. आज इंधन-विद्युत्-घट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राचा पुढला सारा इतिहास या एका निरीक्षणाचा विस्तार आहे, आणि त्या विस्तारात कोळशाने, अधिक नेमके सांगायचे तर काजळीने, जी वाट चालली तीच येथे सांगावयाची आहे.

अडचण पहिल्या दिवसापासून प्राणवायूच्या बाजूला होती. हायड्रोजन प्लॅटिनमच्या स्पर्शाने सहज विलग होतो. परंतु प्राणवायूच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना अत्यंत बळकट धरून असतात, आणि त्यांचे पाणी व्हावयाचे तर त्या रेणूने चार इलेक्ट्रॉन स्वीकारावे लागतात. या क्रियेला रसायनशास्त्रात प्राणवायूचे क्षपण म्हणतात. सिद्धान्ताप्रमाणे असा घट १.२३ व्होल्टचा दाब देऊ शकतो. प्रत्यक्षात उत्तम प्लॅटिनम वापरले तरी भरीव प्रवाह घेताना तीन-चार दशांश व्होल्ट या एका विद्युदग्रावर खर्ची पडतात. शिवाय चारांऐवजी दोनच इलेक्ट्रॉन घेऊन प्राणवायू वाटेत थांबला, तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, उत्पन्न निम्म्यावर येते आणि ते दाहक द्रव्य घटाच्या पडद्याला व खुद्द विद्युदग्राला कुरतडू लागते. किती प्राणवायू पुरती मजल गाठतो आणि किती अर्ध्या वाटेवरून परततो, याची रुजवात घेण्याचे साधन मॉस्कोच्या फ्रुमकिन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले: फिरत्या चकतीभोवती एक कडे बसवायचे, चकतीवर तयार झालेले पेरॉक्साइड बाहेर फेकले जाताना त्या कड्यावर पकडले जाते आणि मोजले जाते. पुढच्या दाव्यांची पारख करताना या कड्याची साक्ष महत्त्वाची ठरली.

१८८९ मध्ये लुडविग मोंड आणि चार्ल्स लँगर यांनी अम्लाने भिजवलेल्या सच्छिद्र पडद्याच्या दोन्ही बाजूंस प्लॅटिनमची काळी भुकटी पसरून ग्रोव्हच्या रेषेचे पृष्ठात रूपांतर केले, आणि त्यासरशी प्रवाह कित्येक पटींनी वाढला. परंतु प्लॅटिनमची किंमत आडवी आली. पाच वर्षांनी विल्हेल्म ओस्टवाल्डने जर्मन विद्युत्‌तज्ज्ञांच्या सभेत भाषण करून, कोळशातील शक्ती वाफेच्या यंत्रात बहुतांशी वाया जाते, तीच सरळ विजेत उतरवता आली तर कारखान्यांचा धूर आणि धडधड दोन्ही संपतील, असे भविष्य वर्तवले. त्या भाषणात कोळसा आहे, पण तो इंधन म्हणून. जळून जाण्याखेरीज कोळशाचा या घटात आणखी काही उपयोग असेल, ही कल्पना ओस्टवाल्डसारख्या दूरदृष्टीच्या पुरुषालाही सुचली नाही, याची नोंद करून ठेवणे मला आवश्यक वाटते.

वस्तुतः कोळसा तेव्हाच घटाच्या चाकरीत होता. लेक्लांशेच्या १८६६ च्या घटात कार्बनची कांडी वीज वाहून नेत असे. १८७८ मध्ये मेश नावाच्या फ्रेंच संशोधकाने सच्छिद्र कार्बनावर थोडे प्लॅटिनम चढवून हवेतला प्राणवायू घटात वापरून दाखवला. १९३२ मध्ये अमेरिकेत हाइझ आणि शूमाकर यांनी प्लॅटिनमचा कणही न घालता, नुसत्या कार्बनास मेणाने जलरोधक करून, जस्त व हवा यांचा क्षारीय घट बनवला. लोहमार्गावरील सिग्नलांचे दिवे आणि समुद्रातील मार्गदर्शक तरंडे अशा घटांवर दीर्घकाळ चालत, कारण तेथे प्रवाह थोडाच लागे पण मुदत फार मोठी हवी असे. या घटांत प्राणवायूचे क्षपण करीत होता तो कार्बनच. पण त्याच्या नावे ते काम कोणी जमा केले नाही. १९४३ मध्ये बर्ल याने क्षारीय द्रावणात कार्बनावर प्राणवायूचे पेरॉक्साइड होते हे दाखवून दिले, आणि त्यावरून कार्बन हा अर्धाच मार्ग चालणारा आळशी उत्प्रेरक आहे असा शिक्का त्याच्यावर बसला.

पुढील चार दशकांचा वृत्तान्त अंतराळयानांच्या निमित्ताने पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून तो थोडक्यात आटोपतो. फ्रान्सिस टॉमस बेकन याने वीस वर्षांहून अधिक काळ खपून, क्षारीय द्रावण, उच्च तापमान आणि मोठा दाब असेल तर प्लॅटिनमचे काम निकेलही करू शकते हे सिद्ध केले, आणि १९५९ मध्ये कित्येक किलोवॉटचा घट चालवून दाखवला. अपोलो यानांतील घट त्याच वंशातले. जेमिनी यानांत १९६५ पासून पातळ बहुवारिक पडद्याचे घट गेले, ते मात्र प्लॅटिनमच्या जाड थरावर अवलंबून होते. पृथ्वीवर परतल्यावर हा खर्च परवडण्यासारखा नव्हता, म्हणून काजळीच्या कणांवर प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म दाणे बसवण्याची पद्धत रूढ झाली. ज्या काजळीचा एक ग्रॅम अडीचशे चौरस मीटरांच्या आसपास पृष्ठ देतो, तिच्यावर थोडका धातूही दूरवर पसरतो. १९८६ मध्ये लॉस अलामॉस येथे रेस्ट्रिक याने अशा विद्युदग्रात आयनवाहक बहुवारिक मुरवले आणि दर चौरस सेंटीमीटरला चार मिलिग्रॅम लागणारे प्लॅटिनम ०.४ मिलिग्रॅमवर आणले. या साऱ्या व्यवस्थेत काजळीचा दर्जा मात्र हमालाचाच राहिला.

हा दर्जा बदलण्याची सुरुवात ज्या निबंधाने झाली तो १९६४ चा, 'नेचर' या नियतकालिकातला आणि अवघ्या पानाभराचा. रेमंड जासिन्स्कीने कोबाल्ट थॅलोसायनीन हा रंगद्रव्याच्या कुळातला पदार्थ प्राणवायूच्या विद्युदग्रावर घातला आणि तो क्षारीय द्रावणात काम करतो असे पाहिले. या रेणूच्या मध्यभागी धातूचा एक अणू असतो आणि त्याला चार बाजूंनी नायट्रोजनाच्या चार अणूंनी धरलेले असते. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हीम ज्या रचनेचे, त्याच रचनेचा हा भाऊबंद. निसर्ग प्राणिमात्राच्या श्वसनात प्लॅटिनम वापरत नाही, लोहावर भागवतो, हे सर्वांना ठाऊक असूनही ते घटात उतरवण्याचे धैर्य करायला १९६४ उजाडावे लागले.

असे रेणू अम्लात टिकत नसत. १९७६ मध्ये यान्के, शेनबोर्न आणि त्सिमरमन या तिघांनी ते कार्बनासह शेकडो अंशांपर्यंत तापवले, तेव्हा ते अधिक टिकाऊ आणि अधिक कार्यक्षम झाले. इतक्या उष्णतेत मूळ रेणू शाबूत राहणे शक्य नाही, मग काम करतो कोण? १९८९ मध्ये क्लीव्हलंडच्या अर्नेस्ट यीगर व सहकाऱ्यांनी या प्रश्नाला आणखी धार लावली: महागडा रेणू घेण्याची गरजच नाही, काजळी, लोह किंवा कोबाल्ट यांचे साधे लवण आणि नायट्रोजन असलेले पॉलिॲक्रिलोनायट्राइल एकत्र भाजले तरी उत्प्रेरक तयार होतो, असे त्यांनी दाखवले. म्हणजे कार्बन, नायट्रोजन आणि लोह हे तिघे भट्टीत एकत्र आले की काहीतरी घडते; पण तिघांपैकी कर्ता कोण आणि साहाय्यक कोण, हा वाद तेव्हापासून पेटला. क्विबेकच्या झाँ-पोल दोदले याने त्यावर आपले आयुष्य वेचले.

इकडे कार्बनाचे रूपही नव्याने कळू लागले होते. १९८५ मध्ये साठ अणूंचा पोकळ गोल सापडला. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इइजिमाने एकात एक गुंडाळलेल्या कार्बनच्या अब्जांश नलिकांचे वर्णन केले (अशा नलिकांची छायाचित्रे रशियन नियतकालिकात १९५२ सालीच छापली गेली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे). २००४ मध्ये मँचेस्टरच्या गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटचा एकच अणुथर, म्हणजे ग्राफीन, सोलून काढला. काजळीत जे अस्ताव्यस्त होते ते येथे शिस्तीत मांडलेले मिळाले. नलिकेच्या भिंतीत कोणता अणू कुठे आहे हे आता सांगता येऊ लागले, आणि त्यामुळे कर्ता कोण हा प्रश्न प्रथमच उत्तर देण्याजोगा झाला.

६ फेब्रुवारी २००९ च्या 'सायन्स' मध्ये ओहायोतील डेटनच्या लिमिंग दाई व सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी ताठ उभ्या वाढवलेल्या नलिकांच्या भिंतींत काही कार्बन अणूंच्या जागी नायट्रोजन बसवला होता, आणि त्या नलिका क्षारीय द्रावणात बाजारी प्लॅटिनमपेक्षा अधिक प्रवाह देत होत्या, तोही चार इलेक्ट्रॉनांच्या पुऱ्या मार्गाने. त्यांचे स्पष्टीकरण असे की, नायट्रोजन शेजारच्या कार्बनाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्या कार्बनावर किंचित धनभार येतो, आणि प्राणवायू तेथे सहज चिकटतो. म्हणजे कर्ता धातू नव्हे, कार्बनच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, त्याच नियतकालिकात, दोदलेच्या गटाने कार्बनाच्या सूक्ष्म छिद्रांत लोह बसवून अम्लीय घटातही प्लॅटिनमच्या जवळ जाणारे उत्प्रेरक जाहीर केले. एकाच वर्षी एक पक्ष म्हणाला धातू नको, दुसरा म्हणाला लोहाशिवाय नाही.

यानंतर जे झाले त्याचा मला विषाद वाटतो, आणि अभिमानही. विषाद यासाठी की, नायट्रोजनाच्या पाठोपाठ बोरॉन, गंधक, फॉस्फरस, जे हाती येईल ते ग्राफीनमध्ये मिसळून 'धातुविरहित उत्प्रेरक' या बिरुदाचे निबंध शेकड्यांनी निघाले, आणि पुष्कळांनी आपल्या नमुन्यात धातू नाही हे नीट पारखून पाहिलेही नाही. अभिमान यासाठी की, याच क्षेत्रातल्या माणसांनी आपल्याच घरचा जमाखर्च उघड्यावर मांडला. दाईच्या नलिका ज्या द्रव्यापासून वाढवल्या होत्या ते लोह थॅलोसायनीन होते. लोह नंतर विद्युत्‌पद्धतीने धुऊन काढले होते खरे, पण अवशेषांचा संशय राहिला. २०१३ मध्ये बोखुमच्या शूमान व सहकाऱ्यांनी दाखवले की, धातुविरहित समजल्या जाणाऱ्या कार्बनात लोहाचा अत्यल्प अंश राहिला तरी त्याची कार्यक्षमता त्या अंशामुळे वाढते. त्याच वर्षी मार्टिन पुमेराच्या गटाने ग्राफीनकडे बोट दाखवले: ग्राफाइटचे ऑक्सिडीकरण करण्याची १९५८ ची प्रचलित पद्धत पोटॅशियम परमँगनेट वापरते, त्यातले मँगनीज नमुन्यात मागे राहते, आणि श्रेय मात्र मिसळलेल्या अधातूला मिळते. २०२० मध्ये याच पुमेराने पक्ष्यांची विष्ठा ग्राफीनमध्ये मिसळली तरी त्याचा अधिक चांगला उत्प्रेरक होतो असे प्रसिद्ध केले. तो निबंध अनेकांना बोचला. माझ्या मते तो वेळेवर आलेला आणि अत्यंत आवश्यक असा दाखला होता.

वादाचा एक भाग तरी निकालात निघाला तो जपानमधील त्सुकुबा येथे. २०१६ मध्ये नाकामुरा व सहकाऱ्यांनी भट्टीतली भुकटी घेतलीच नाही. अत्यंत सुव्यवस्थित ग्राफाइटच्या स्वच्छ पृष्ठावर नायट्रोजन कोणत्या स्थानी आणि किती आहे हे निश्चित करून त्यांनी क्षपणाचा वेग मोजला. षट्कोनाच्या कडेवर बसलेला, पिरिडीनसारखा नायट्रोजन जितका अधिक तितका वेग अधिक, आणि प्रत्यक्ष कामाची जागा त्या नायट्रोजनाला लागून असलेला कार्बन, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या मोजमापापुरती तरी काजळीची बाजू खरी ठरली, असे मी समजतो. पण तिची हद्दही ठाऊक असावी: क्षारीय द्रावणात कार्बन व नायट्रोजन यांचे उत्प्रेरक समर्थ आहेत, अम्लात बहुधा लोहासारख्या धातूची साथ लागते, आणि टिकाऊपणात प्लॅटिनम अजून पुढे आहे. लॉस अलामॉसच्या झेलेनाय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पॉलिॲनिलीन, लोह व कोबाल्ट यांपासून केलेला उत्प्रेरक सातशे तास चालला, ही त्या काळी मोठी मजल मानली गेली. मोटारीला यापेक्षा कितीतरी अधिक तास लागतात. २०१७ मध्ये कॅनडाच्या बॅलार्ड कंपनीने जपानच्या निशिनबो कंपनीच्या कार्बनी उत्प्रेरकावर चालणारा घट बाजारासाठी जाहीर केला, तो ३० वॅटचा होता.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नायट्रोजनयुक्त नलिका व ग्राफीन यांवर, आणि एकूण इंधन-विद्युत्-घटांवर, बरीच वर्षे काम चालू आहे, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी ही कंपनी यांनी विकसित केलेल्या हायड्रोजनच्या बसचे अनावरण झाले. जो विद्यार्थी आज या विषयात पाऊल टाकील त्याच्या हाती २००९ चा निबंध बहुधा सर्वांत आधी पडेल. त्याच्या अध्यापकांना माझी विनंती इतकीच आहे की, त्याच आठवड्यात २०१३ चे दोन्ही निबंधही त्याच्यापुढे ठेवावेत, आणि त्याने स्वतः तयार केलेल्या पहिल्या नमुन्यातील लोह व मँगनीज मोजून घेतल्याशिवाय त्याला विद्युदग्राला हात लावू देऊ नये.