यंत्राला भाषा शिकविणारी ग्रेस हॉपर

१९५५ सालच्या आरंभीची गोष्ट. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात रेमिंग्टन रँड कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर एक लहानसा प्रयोग मांडण्यात आला होता. कंपनीच्या ‘युनिव्हॅक’ नामक संगणकाला साध्या इंग्रजी शब्दांत काही हुकूम देण्यात आले आणि त्याने ते मुकाट्याने पाळले. मग तेच हुकूम फ्रेंच शब्दांत देण्यात आले, नंतर जर्मन शब्दांत. तिन्ही वेळा यंत्राने तेच काम तितक्याच बिनचूकपणे केले. हे पाहून अधिकारी प्रसन्न होतील आणि पुढील कामासाठी पैसा मंजूर करतील, अशी प्रयोग करणाऱ्या बाईंची अपेक्षा होती. घडले उलटेच. अमेरिकेत तयार झालेले यंत्र फ्रेंच आणि जर्मन कसे समजू शकेल, या विचाराने ती मंडळी बिथरून गेली. अखेर, यापुढे केवळ इंग्रजीतच काम करू, असे वचन देऊन बाईंना आपली योजना वाचवावी लागली. ही हकीकत त्या पुढे अनेक वर्षे मोठ्या मिस्किलपणे सांगत असत.

या बाई म्हणजे ग्रेस हॉपर. संगणकासाठी आज्ञावल्या रचणारा प्रोग्रॅमर आज शहरातील प्रत्येक गल्लीत सापडतो. परंतु हॉपरबाईंनी हे काम हाती घेतले तेव्हा या व्यवसायाला नाव नव्हते, त्याचे शिक्षण देणारी शाळा नव्हती, की पाठ्यपुस्तकही नव्हते. त्यांच्या आयुष्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या व्यवसायाच्या बालपणाचाही इतिहास होय.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा जन्म झाला. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. ते पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले आणि अशा रीतीने घरातील सात घड्याळे मोकळी केली. आईने रागे न भरता त्यांना यापुढे एकच घड्याळ घेण्याची मुभा दिली. व्हॅसर महाविद्यालयातून १९२८ साली गणित व पदार्थविज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या, आणि १९३४ साली येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली. व्हॅसरमध्ये त्या गणित शिकवीत. गणिताच्या विद्यार्थिनींना त्या निबंध लिहावयास लावीत आणि त्यातील भाषेचे दोष लाल शाईने दाखवीत. आम्ही गणित शिकावयास आलो आहोत, भाषा नव्हे, अशी तक्रार होई. जे दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही ते गणित शिकून उपयोग काय, असा बाईंचा उलट प्रश्न असे. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज या एका प्रश्नात आहे.

१९४१ च्या डिसेंबरात अमेरिका महायुद्धात उतरली. हॉपरबाईंचे पणजोबा नौदलात अधिकारी होते, आणि पणतीलाही नौदलातच जावयाचे होते. पण वय जास्त, वजन कमी, आणि गणिताची प्राध्यापिका म्हणून सरकारच्या मते तिची जागा वर्गातच. या तिन्ही अडचणींतून वाट काढून त्या १९४३ साली नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. १९४४ च्या जुलै महिन्यात त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली झाली. तेथे ‘मार्क वन’ नावाचे अजस्र गणकयंत्र उभे होते. त्याची लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. एका सेकंदात ते तीन बेरजा करी. एका गुणाकाराला मात्र त्याला सुमारे सहा सेकंद लागत. कागदी फितीवर भोके पाडून त्याला आज्ञा द्यावयाच्या आणि एकेक भोक बरोबर जागी पडले आहे की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे. पहिल्याच दिवशी एकन यांनी त्यांना एक गणित देऊन आठवड्याभरात उत्तर मागितले. यंत्राची माहिती देणारे पुस्तक नव्हतेच. काही काळाने एकन यांनी ते लिहिण्याचा हुकूमही त्यांनाच सोडला. आपण कधी पुस्तक लिहिलेले नाही, असे त्या म्हणाल्या. आपण आता नौदलात आहात, एवढेच उत्तर त्यांना मिळाले. १९४६ साली प्रसिद्ध झालेला तो पाचशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ मुख्यतः त्यांच्याच हातचा आहे.

हार्वर्डमध्ये आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. तीच ती त्रिकोणमितीची गणिते, तीच ती वर्गमुळे पुन्हा पुन्हा करावी लागत. म्हणून तेथील मंडळी आज्ञांचे तपासून घेतलेले तुकडे आपापल्या वहीत उतरवून ठेवीत आणि गरज पडताच एकमेकांच्या वहीतून नकलून घेत. पण जुन्या फडावरील नकलनवीसही ज्या चुका करीत त्या येथेही होत. एखादे अक्षर अंकासारखे दिसे, एखादी ओळ गळे, आणि प्रत्येक तुकड्यातील जागांचे क्रमांक नव्या कामासाठी बदलताना बेरीज चुके. बुद्धिमान माणसे नक्कल करण्यात आणि बेरीज करण्यात हटकून चुकतात, आणि यंत्राला या दोन्ही गोष्टी उत्तम साधतात. मग ही कामे यंत्राकडेच का सोपवू नयेत?

हार्वर्डमध्ये त्यांना हा विचार पुरता आकारास आणता आला नाही. त्यांची संशोधक म्हणून मुदत १९४९ साली संपली आणि विद्यापीठात स्त्रीला कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती. घटस्फोट झालेला, युद्धकाळातील अहोरात्र श्रमांनी मन थकलेले, आणि ताण विसरण्यासाठी मद्याचा आधार घेण्याची सवय जडलेली. अशा अवस्थेत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्या फिलाडेल्फियातील एकर्ट आणि मॉकली यांच्या लहानशा कंपनीत नोकरीस लागल्या. एखाद्याने स्थैर्य शोधले असते. त्यांनी अजून पुरता तयारही न झालेला संगणक निवडला. १९५० मध्ये ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली आणि १९५१ मध्ये पहिला युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या ताब्यात आला. त्याआधीच्या ‘बायनॅक’ या यंत्रावर आठाच्या पटीत आकडेमोड चाले. बाईंना तिची इतकी सवय झाली की त्यांच्या बँकेच्या हिशेबाचाही मेळ बसेनासा झाला. वजाबाकी आपण आठाच्या पटीत करीत होतो, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आले. यंत्राची भाषा शिकता शिकता माणूसच यंत्रासारखा विचार करू लागतो, याचा हा स्वानुभव होता.

१९५१-५२ मध्ये त्यांनी ‘ए-झीरो’ ही आज्ञावली तयार केली. तिची कल्पना कचेरीतील व्यवहारावरून सहज समजेल. एखादा अधिकारी चिठ्ठीवर केवळ क्रमांक लिहून देतो. दप्तरखान्यातील अनुभवी कारकून त्या क्रमांकाचे कागद काढतो, त्यांच्या नकला करतो, क्रमाने लावतो, पृष्ठांकन करतो आणि तयार फाइल टेबलावर आणून ठेवतो. ए-झीरोने संगणकालाच असा कारकून बनविले. पूर्वी वहीत असलेले आज्ञांचे तुकडे आता चुंबकीय फितीवर ठेवलेले असत. माणसाने क्रमांक सांगावयाचे आणि यंत्राने ते तुकडे जुळवून स्वतःसाठीच आज्ञावली रचावयाची. या संकलनामुळे त्या साधनाला ‘कंपायलर’ हे नाव पडले. आजच्या अर्थाने ते पूर्ण कंपायलर नव्हते, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्येही अशा दिशेने प्रयत्न चालू होते. तथापि यंत्राला शिक्षण देता येते हा विचार १९५२ सालच्या एका निबंधात हॉपरबाईंनी निःसंदिग्धपणे मांडला.

विरोध थोडाथोडका झाला नाही. संगणक केवळ अंकगणित करू शकतो, तो आज्ञावली लिहूच शकत नाही, असे जाणकार सांगत. काहींचा विरोध निराळ्या कारणाने होता. यंत्राच्या गूढ लिपीचे ज्ञान मूठभरांच्या हाती होते, आणि तो मान सोडणे त्यांना जड जात होते.

यापुढची पायरी भाषेची होती. गणिती चिन्हे शास्त्रज्ञांना प्रिय असतात. पण पगारपत्रक करणारा, मालाची नोंद ठेवणारा किंवा विम्याचे हप्ते मोजणारा मनुष्य शब्दांनी विचार करतो. त्याला चिन्हे शिकविण्यापेक्षा यंत्राला शब्द शिकवावे, हे हॉपरबाईंचे मत. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा जन्मास आली. आरंभी सांगितलेला तीन भाषांचा प्रयोग तिच्याच तयारीचा भाग होता.

दरम्यान प्रत्येक कंपनीच्या संगणकाची रीत वेगळी असल्यामुळे यंत्र बदलले की सर्व आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागत. सर्वांत मोठी झळ पोचे ती सरकारी खात्यांना. एप्रिल १९५९ मध्ये फिलाडेल्फियात झालेल्या एका बैठकीत मेरी हॉज आणि हॉपरबाई यांच्यासह काही मंडळींनी सामाईक भाषेचा प्रश्न हाती घेतला, आणि मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पेंटॅगॉनमध्ये सभा बोलाविली. तेथून ‘कोबॉल’ या भाषेची रचना सुरू झाली. ही भाषा एकट्या हॉपरबाईंची निर्मिती नव्हे. जीन सॅमेट यांच्यासारख्या अनेकांच्या समितीने ती रचली, आणि हॉपरबाई सल्लागार होत्या. तिचा पाया मात्र मुख्यतः फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल आज्ञावली, किरकोळ फेरफार करून, दोन भिन्न कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखविण्यात आली. पुढे सरकारने आपल्या खरेदीत या भाषेचा आग्रह धरला, आणि यंत्रे बदलली तरी आज्ञावल्या टिकू लागल्या.

पंडितांनी कोबॉलला पाल्हाळीक म्हणून हिणविले. त्या टीकेत तथ्यही होते. परंतु तिच्यातील हिशेब वर्षानुवर्षे चालू राहिले. जुन्या आज्ञावल्यांत जागा वाचविण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच अंक लिहीत. २००० साल उजाडताना हे अंक दगा देतील, या भयाने जगभर धावपळ उडाली, तेव्हा त्या लक्षावधी ओळी तपासण्याचे काम मुंबई, पुणे, बंगळूर येथील भारतीय प्रोग्रॅमरांकडेही आले, आणि आपल्या देशातील या व्यवसायाला मोठी चालना मिळाली. एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला असता न्यू जर्सीच्या राज्यपालांना कोबॉल जाणणाऱ्यांना जाहीर आवाहन करावे लागले.

नौदलाने हॉपरबाईंना १९६६ मध्ये वयोमानानुसार निवृत्त केले. पण खात्यातील कोबॉलच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचा गोंधळ निस्तरण्यासाठी १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलाविले, आणि ते सहा महिने जवळजवळ दोन दशके लांबले. त्यांच्या कचेरीतील घड्याळ उलट दिशेने फिरत असे. पूर्वापार चालत आले एवढ्याच कारणाने एखादी रीत पाळू नये, हे येणाऱ्याजाणाऱ्याला त्यातून समजे. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटीत. एका सेकंदाच्या अब्जांश काळात वीज फार तर एवढेच अंतर जाऊ शकते, हे सेनापतींनाही हातात धरून पाहता येई. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, रिअर अॅडमिरल हुद्द्यावर, ७९ व्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये अमेरिकेने त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक दिले.

कारभाराची भाषा कोणती असावी हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द घालविले, ते याच प्रश्नाच्या पोटी. हॉपरबाईंच्या कार्याचे मर्मही येथेच आहे. ज्याचे काम आहे त्याला ते आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९५५ च्या त्या दिवशी यंत्राने तीन भाषा सारख्याच सहजपणे पाळल्या होत्या. त्याला तिन्ही सारख्याच परक्या होत्या. चौथी मराठी असती, तरी त्याचे काही अडले नसते. अडले ते खोलीत बसलेल्या माणसांचे. यंत्राने केवळ इंग्रजीतच ऐकावे हा निर्णय यंत्राचा नव्हता, आणि म्हणूनच तो बदलणे हेही माणसांचेच काम आहे.