हमिंग नेमकं कुणाचं? ट्राम, टेलिफोन आणि घरचा ॲम्प्लिफायर

घरच्या होम थिएटरला नवा स्ट्रीमिंग बॉक्स जोडला आणि स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा एकसुरी आवाज सुरू झाला, हा अनुभव अनेकांना असेल. बॉक्सची वायर काढली की आवाज बंद, लावली की पुन्हा सुरू. म्हणजे बॉक्स खराब! तो बदलून आणतो, आणि नवा बॉक्सही तसाच घुमतो.

इथे निरीक्षण बरोबर आहे, चुकलाय तो निष्कर्ष. ‘अमुक काढलं की दोष जातो’ यावरून ‘दोष अमुकातच आहे’ असं ठरत नाही. पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी ही गोष्ट लवकर शिकलेली बरी. गंमत म्हणजे, अगदी याच प्रश्नावर सुमारे 130 वर्षांपूर्वी कोर्टात खटले चालले होते.

सुरुवात टेलिग्राफपासून करू. वीज जायला एक तार आणि परत यायला दुसरी, अशी आधी पद्धत होती. 1838 मध्ये जर्मनीत कार्ल ऑगस्ट फॉन स्टाइनहाइल यांच्या लक्षात आलं की परतीची तार नसली तरी चालतं. दोन्ही टोकांना जमिनीत धातूची पट्टी पुरली की जमीनच परतीचा रस्ता होते. तारेचा खर्च जवळजवळ निम्मा! साहजिकच ही पद्धत रूढ झाली. 1876 नंतर टेलिफोन आला तेव्हा त्यानेही हीच एका तारेची रचना उचलली. पण टेलिग्राफला फक्त ‘टिक’ झालं की नाही एवढंच कळायला हवं होतं. टेलिफोनच्या रिसीव्हरला मात्र अगदी क्षीण करंटही ऐकू येतो. त्यामुळे जमिनीतून फिरणारी परकी वीज थेट कानात वाजायला लागली.

मग ट्राम आली. 1888 मध्ये अमेरिकेतल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग यांनी विजेवरच्या ट्रामचं मोठं जाळं यशस्वी करून दाखवलं आणि शहरोशहरी तसेच मार्ग सुरू झाले. ट्रामला वीज मिळायची वरच्या तारेतून, आणि परत जायची रुळांतून. रूळ जमिनीला टेकलेले, म्हणजे त्यातली काही वीज जमिनीत पसरणारच. त्यामुळे शहरातल्या दोन ठिकाणच्या जमिनींमध्ये व्होल्टेजचा थोडा फरक पडायचा. टेलिफोनची एक पट्टी इथे पुरलेली, दुसरी तिथे. तो फरक तारेतून करंट ढकलायचा आणि लोकांना बोलणं ऐकू येईनासं व्हायचं.

टेलिफोन कंपन्यांचा युक्तिवाद सरळ होता: ट्राम नव्हती तेव्हा आवाज नव्हता, ट्राम आल्यावर आवाज आला, म्हणून दोष ट्रामचा. सिनसिनाटीच्या खटल्यात खालच्या कोर्टाने हे मान्यही केलं. पण 1891 मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. रस्ता मुळात रहदारीसाठी असतो आणि जमिनीचा परतीचा रस्ता म्हणून वापर करण्याचा मक्ता टेलिफोन कंपनीकडे नाही, अशी त्यामागची भूमिका. 1893 मध्ये इंग्लंडमध्ये लीड्सच्या ट्रामवरून झालेला खटलाही टेलिफोन कंपनी हरली. तिथे कारण वेगळं होतं: ट्रामला कायद्यानेच परवानगी मिळालेली होती.

आता मुद्दा बघा. या वादात ‘आवाज कोण करतंय?’ याला लागून दुसरा प्रश्न पुढे आला: ‘आमच्या लाइनला तो ऐकू का येतोय?’ पहिल्याचं उत्तर ट्राम. दुसऱ्याचं उत्तर आपली स्वतःची एका तारेची रचना.

आणि त्यावरचा उपाय तर आधीच माहीत होता! अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्येच जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारा एकमेकींना पीळ देऊन वापरण्याचं पेटंट घेतलं होतं. दोन्ही तारांवर बाहेरचा परिणाम सारखाच झाला की तो एकमेकांत विरून जातो. 1884 च्या बोस्टन–न्यूयॉर्क या लांबच्या लाइनवर दोन तारांची जोडी वापरलीसुद्धा होती. मग शहरांत का नाही? कारण दुप्पट तार, खांबांवर दुप्पट भार आणि एक्स्चेंजमध्ये बदल. त्यामुळे ‘शोध लागला आणि वापर सुरू झाला’ अशी सरळ रेघ इथे मारता येत नाही. उपाय माहीत असणं आणि त्याचा खर्च कुणी करायचा हे ठरणं, यांच्यामध्ये बरीच वर्षं गेली. इतिहासाचा प्रबंध लिहिताना ही मधली वर्षंच खरी कामाची असतात.

याच काळात जॉन कार्टी या इंजिनिअरने एक छान प्रयोग केला. शेजारच्या तारेमुळे येणारा आवाज चुंबकीय परिणामाने येतो, असा तेव्हाचा समज होता. तसं असेल तर करंट लाइनभर सारखाच हवा. कार्टींनी लाइनच्या बरोबर मध्यावर रिसीव्हर लावला, तर तिथे शांतता! टोकांना आवाज आणि मध्ये शांतता, म्हणजे परिणाम मुख्यतः विद्युत्‌भाराचा होता. कार्टींनी शेजारची तार काढली नाही. दोन कल्पना जिथे वेगवेगळं उत्तर देतात नेमकी ती जागा शोधली. चाचणी निवडायची तर अशी.

आता घरी परत येऊ. समजा, टीव्हीला केबलची वायर आली आहे आणि तिचं अर्थिंग बाहेर कुठेतरी आहे. टीव्ही आणि बॉक्स एचडीएमआयने जोडलेत. बॉक्समधून साधी ऑडिओ वायर ॲम्प्लिफायरला गेली आहे, आणि ॲम्प्लिफायरचं अर्थिंग तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या वायरिंगला. दोन ठिकाणचं अर्थिंग, आणि मधल्या वायरींच्या जाळीमुळे पूर्ण झालेलं कडं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून 50 किंवा 100 हर्ट्झचं हमिंग. बॉक्स काढला की कडं तुटतं, एवढंच.

तपासायचं कसं? बॉक्स तसाच ठेवून फक्त केबलची वायर टीव्हीतून काढा. आवाज गेला, तर बॉक्स निर्दोष. दोन वेगवेगळ्या गोष्टी काढून एकच परिणाम मिळाला, की संशय वस्तूवर नाही, त्यांना जोडणाऱ्या कड्यावर घ्यायचा. मग केबलच्या वायरला आयसोलेटर लावा, किंवा सोय असेल तर ऑडिओसाठी ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. मात्र प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. आवाज जाईल, पण शॉक लागण्यापासूनचं संरक्षणही जाईल.

हा प्रश्न जुना झाला असंही नाही. 1995 मध्ये नील मन्सी यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये दाखवलं की अनेक उपकरणांत केबलची जाळी बाहेरच्या पेटीला न जोडता आतल्या सर्किटला जोडलेली असते, आणि त्या रस्त्याने हमिंग आत शिरतं. पुन्हा तेच: आवाज बाहेरचा, त्याला वाट करून देणारी रचना आपली.

तुमच्या प्रयोगात किंवा कागदपत्रांत नको असलेला ‘आवाज’ आला, तर वहीत दोन रकाने करा. एकात ‘हा कुठून आला’, दुसऱ्यात ‘माझ्या मांडणीला तो ऐकू का आला’. पहिला रकाना भरायचा मोह सगळ्यांनाच होतो. दुसरा रिकामा असेपर्यंत मात्र निष्कर्ष लिहायला घेऊ नका.