चेंबरची गळती

इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. आज आम्ही आपणांस एका मालमोटारीच्या पोटाखाली नेणार आहोत. जागा काही प्रशस्त नव्हे. तेथे उताणे निजावे लागते, आणि वरून तेलाचा थेंब नेमका डोळ्यावर पडतो. पण गेल्या दीडशे वर्षांच्या यंत्रयुगाचा बराचसा इतिहास याच आसनावरून नीट दिसतो, अशी आमची समजूत आहे.

इंजिनाच्या तळाशी तेल साठविणारे जे पसरट भांडे असते, त्यास इंग्रज ‘सम्प’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑइल पॅन’ म्हणतात आणि आपले मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात. आम्ही मिस्त्र्यांचाच शब्द पत्करतो. चेंबर गळू लागले की मालक चिडतो, मिस्त्री मान हलवितो आणि अंगणात काळा डाग पडतो. हा दोष आपण यंत्राइतकाच जुना मानतो. पण तसे नाही. एके काळी गळणे हीच रीत होती. तेल वरून थेंबथेंब सोडावयाचे, ते सांध्यांतून वाहावयाचे आणि अखेर जमिनीवर पडून फुकट जावयाचे. आरंभीच्या कित्येक मोटारींत चालकापुढे पितळी तेलदाण्या बसविलेल्या असत. त्यांतून उतरलेले तेल काही जळे, काही रस्त्यावर सांडे. त्यास कोणी गळती म्हणत नसे. तेल परत जमवून पुन्हा वापरावयाचे ठरले, तेव्हा कुठे गळती हा दोष जन्मास आला.

त्याही आधीची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. वाफेच्या इंजिनांना तेल घालण्यासाठी ती वारंवार थांबवावी लागत. एलायजा मॅककॉय हा १८४४ साली कॅनडात जन्मलेला कृष्णवर्णीय गृहस्थ. त्याचे आईबाप अमेरिकेतील गुलामगिरीतून पळून आलेले. मुलाने स्कॉटलंडात एडिंबरोस जाऊन यंत्रविद्या संपादन केली. पण मिशिगन सेंट्रल रेल्वेवर त्यास काम मिळाले ते कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे. विद्या इंजिनियराची, हातात तेलाचा डबा! १८७२ साली त्याने इंजिन चालू असतानाच आपोआप तेल पुरविणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. यंत्राला तेल किती लागते, हे त्या तेलवाल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

पुढे १९०८ साली हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. हिला तेलाचा पंप नव्हता आणि तेल मोजण्याची पट्टीही नव्हती. फिरते चाक तेल उडवी आणि ते उडालेले तेल सर्वत्र पोचे. तेल किती उरले हे पाहण्यासाठी गाडीखाली हात घालून दोन तोट्या उघडाव्या लागत. वरचीतून तेल आले तर ठीक, खालचीतूनही न आले तर धावाधाव. पण एक सोय फार सुज्ञपणाची होती. अगदी आरंभीच्या गाड्या सोडल्या तर चेंबरच्या तळाला सुटे होणारे झाकण असे. ते काढले की इंजिन जागचे न हलविता आतल्या दांड्यांच्या बेअरिंगांपर्यंत हात पोची. शेतकरी हे काम आपल्या कोठारात करी. याच मॉडेल टीवर १९२५ साली कारखान्यातूनच मागे मालाचा हौदा बसवून मिळू लागला. किंमत २८१ डॉलर. पिकअप नावाची जात कारखान्यातून तयार होऊन बाहेर पडली ती अशी.

आता डिझेलकडे वळू. रुडॉल्फ डिझेलला १८९३ साली पेटंट मिळाले आणि १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याचे यंत्र परीक्षेस उतरले. सुमारे तीन मीटर उंचीचे ते धूड वीस अश्वशक्तीचे काम देई; पण इंधनातील उष्णतेचा चौथा हिस्सा ते कामी लावी. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या यंत्रांना याच्या निम्मेही साधत नसे. ठिणगीवाचून, केवळ हवा दाबून तापविण्यावर हे सारे चालते. दाब एवढा, की थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली चेंबरकडे उतरतो. त्याला बाहेर पडावयास नीट वाट ठेविली नाही, तर तो तेलाला सांध्यांतून बाहेर ढकलतो. म्हणून जाणता मिस्त्री पॅकिंगला दोष देण्यापूर्वी वायू सोडणारी नळी तुंबली आहे काय, हे पाहतो. स्वतः डिझेल १९१३ साली इंग्लंडास जाताना बोटीवरून नाहीसा झाला. आपले यंत्र मोटारीखाली मावेल इतके लहान झालेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते, तोवर पिकअपवाल्यांना डिझेलची ओढ नव्हती. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनी ती लाविली. १९८३ च्या सुमारास फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचे डिझेल इंजिन आले. हीच कंपनी पुढे नॅव्हिस्टार झाली आणि १९९४ पासून २००३ पर्यंत तिने फोर्डला आठ सिलिंडरांचे ७.३ लिटर इंजिन पुरविले. हे इंजिन दणकटपणाबद्दल नावाजले गेले, आणि ते योग्यच. त्याच्या चेंबरमध्ये सुमारे चौदा लिटर तेल असते. ते केवळ वंगण नव्हे. त्याच तेलाला मोठा दाब देऊन इंधन फवारणारे इंजेक्टर चालविले जातात. तेल फारच उतरले, तर बेअरिंगे झिजण्याची वाट न पाहता गाडी बंदच पडते.

आणि हे चेंबर पत्र्याचे! उत्तरेकडील बर्फाच्या प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी वर्षानुवर्षे पत्र्यावर उडते, रंग फुगतो आणि एके दिवशी गंजाच्या पापुद्र्याआडून तेल पाझरू लागते. दुसरी खोड तेलपट्टीची नळी चेंबरला जेथे जोडली आहे तेथली. तिचा नट आतल्या बाजूस. तेव्हा चेंबर उतरवावे म्हणावे, तर ते चौकट आणि इंजिन यांच्यामध्ये असे अडकलेले, की इंजिन क्रेनने उचलल्याखेरीज निघत नाही. भांड्याची किंमत थोडी आणि मजुरी मात्र डोळे पांढरे करणारी. मॉडेल टीच्या त्या सुट्या झाकणाची आठवण येथे कोणास होणार नाही? कारखान्यात इंजिन आधी जोडतात आणि मग गाडीत उतरवितात. त्यामुळे बांधणाऱ्याला ही अडचण भेटतच नाही. ती भेटते वीस वर्षांनी, खाली निजलेल्या माणसाला. जोडणारा एका बाजूस आणि दुरुस्त करणारा दुसऱ्या बाजूस, ही फारकत आम्हांला यंत्राच्या इतिहासातील एक मोठी घटना वाटते. तिची तारीख मात्र कोणी लिहून ठेविली नाही.

मग लोक काय करतात? प्रथम सारे धुऊन काढतात, इंजिन चालवितात आणि ओल सर्वांत उंच कोठे दिसते ते पाहतात. वाऱ्याने तेल मागे वाहते. थेंब पडतो एका जागी, भोक असते पुढे नि वर. पुष्कळदा दोष वरच्या एखाद्या रबरी कडीचा असतो आणि बोल चेंबरला लागतो. भोक चेंबरलाच असेल, तर काहीजण गंज घासून वर इपॉक्सीचे ठिगळ लावतात. पण घासता घासता पत्राच उरत नाही, असाही अनुभव येतो. ठिगळ हे दिवस काढण्यापुरते. खरा उपाय इंजिन उचलणे हाच.

सांधा बंद करण्याच्या द्रव्यांचाही इतिहास मनोरंजक आहे. जुन्या इंजिनांत बुचाच्या सालीचे पॅकिंग असे. ती साल बहुतेक पोर्तुगाल नि स्पेनमधली. पॅकिंगवर चोपडण्यास स्पिरिटात विरघळविलेली लाख चाले, आणि ती लाख बहुतांशी आपल्या छोटा नागपूरच्या जंगलांतून परदेशी जात असे. तेथील आदिवासींनी झाडावरून खरवडलेला राळेचा थर अमेरिकेतल्या मोटारींचे तेल अडवीत होता, ही गोष्ट आम्हांला मोठी कौतुकाची वाटते. १९४३ साली डाऊ कॉर्निंग कंपनी निघाली आणि सिलिकोनचे युग आले. वर सांगितलेल्या ७.३ लिटर इंजिनाच्या चेंबरला पॅकिंगच नाही. सिलिकोनचा लगदाच सांधा धरतो. तो हवेतील ओलाव्याने घट्ट होतो, मात्र तेलाचा पुसट हात राहिला तरी चिकटत नाही.

आपल्याकडे १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि विहिरीवरच्या इंजिनाबरोबर डिझेल खेड्यापाड्यांत पोचले. चेंबर, पॅकिंग, पाना हे शब्द त्या वाटेनेही शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. आम्ही स्वतः एकदा अशा इंजिनाचे चेंबर गळते म्हणून बोल्ट जोर लावून आवळले. गळती वाढली. एका वृद्ध मिस्त्र्याने चेंबर उतरविले, त्याची कड सपाट लाकडी ठोकळ्यावर ठेवली आणि भोकांभोवती उठलेले उंचवटे हातोडीने हलकेच बसविले. मग नवे पॅकिंग घालून समोरासमोरचे बोल्ट पाळीपाळीने, लहान पान्याने, मनगटाच्याच जोराने आवळले. “साहेब, ताकद लावायची ती पुसण्यात,” एवढेच तो बोलला. तेल ओतून इंजिन घटकाभर चालविले आणि खाली एक कोरा पुठ्ठा सरकवून आम्ही घरी गेलो. सकाळी पुठ्ठा कोरडा होता.