रक्तातील बुरशीसंसर्ग आणि तज्ज्ञ सल्ला : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

रुग्णालयातील रुग्णाच्या रक्तात होणारा बुरशीचा संसर्ग हा आधुनिक उपचारांच्या विस्ताराबरोबर वाढलेला आजार होय. मुख्य शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी, प्रतिजैविकांचा प्रदीर्घ वापर व पोटाची मोठी शस्त्रक्रिया यांमुळे त्याचा धोका वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या बालकांनाही तो अधिक असतो. या आजारावरील औषध आणि तज्ज्ञाचा सल्ला यांची वाटचाल ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

औषधांची वाटचाल

१९५० मध्ये न्यूयॉर्क येथे एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राऊन यांनी निस्टॅटिनचा शोध जाहीर केला. त्याच दशकात अँफोटेरिसिन-बी उपलब्ध झाले. महाराष्ट्रही या संशोधनात मागे नव्हता. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या नावातही पिंपरी आहे. तथापि त्याचा उपयोग मुख्यतः त्वचा व श्लेष्मल त्वचेच्या संसर्गापुरता राहिला.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या निराळ्या बुरशीजन्य आजाराची साथ आली, तेव्हा अँफोटेरिसिनची टंचाई झाली. हे औषध बनविणाऱ्यांत अंबरनाथला कारखाना असलेली भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनीही होती. औषधनिर्मिती अशा रीतीने मुरबाडच्या शेजारच्या तालुक्यापर्यंत आली होती.

सल्ल्याचे महत्त्व

केवळ औषधाने हा आजार आटोक्यात येत नाही. दूषित नळी काढणे, रक्ताची संवर्धन चाचणी पुन्हा करणे, डोळे तपासणे आणि रक्त बुरशीमुक्त झाल्यानंतरही साधारणतः १४ दिवस औषध चालू ठेवणे आवश्यक असते. अमेरिकेतील सेंट लुईस येथील १,६९१ रुग्णांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संसर्गरोगतज्ज्ञाचा सल्ला मिळालेल्यांपैकी २९ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावल्याचे आढळले. भारतातील २७ अतिदक्षता विभागांच्या २०१५ मधील अहवालात कँडिडा ट्रॉपिकॅलिस ही जात सर्वाधिक आढळली. त्यामुळे पाश्चात्त्य अनुभव येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही, हेही तज्ज्ञच सांगू शकतो.

शहापूर-मुरबाडची स्थिती

शहापुरात उपजिल्हा रुग्णालय, तर मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. २००७ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत ३० खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी शल्यचिकित्सा, वैद्यकशास्त्र, स्त्रीरोग व बालरोग या शाखांचे तज्ज्ञ अपेक्षिलेले होते. त्यांत संसर्गरोगतज्ज्ञ नव्हता. शहरातील अतिदक्षता विभागातून डोळखांब वा टोकावड्याच्या बाजूस परतलेल्या रुग्णास पुन्हा ताप आल्यास, त्याची पहिली गाठ येथील वैद्यकीय अधिकाऱ्याशीच पडते. प्रतिजैविकाने न उतरणाऱ्या या तापामागे बुरशी असेल, ही शंका त्यास वेळीच येणे यावर पुढचे सारे अवलंबून असते. तानसा व भातसाचे पाणी मुंबईस पुरविणाऱ्या शहापूर तालुक्याला मुंबईतील वैद्यकीय ज्ञान मात्र रुग्ण हलविल्यावरच लाभते.

निष्कर्ष

औषध जवळ आले, सल्ला मात्र दूर राहिला, हे या इतिहासाचे सार होय. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी हे अंतर कमी करण्याचा मार्ग दाखविला आहे. रुग्ण हलविण्यापूर्वी रक्तनमुना घेणे व तज्ज्ञाशी दूरध्वनीवर बोलणे, ही पद्धत तालुका पातळीवर रुळल्यास येथील रुग्णाचा मोलाचा वेळ वाचेल.