घासलेटचा डबा आणि खान्देशातला उजेड

जळगाव-धुळ्याकडच्या आठवडे बाजारात पत्र्याची चिमणी घेताना तिच्या पोटावर कधीकधी अर्धवट इंग्रजी अक्षरे दिसत. कुठल्याशा तेल कंपनीच्या नावाचा तुकडा, तोही बहुधा उलटा. चिमणी करणाऱ्याला त्या अक्षरांशी काही कर्तव्य नसे. त्याने घासलेटचा रिकामा डबा कातरीने उघडून सपाट केलेला असे, आणि ज्या डब्यातून तेल आले त्याच डब्याच्या पत्र्याचा, तेच तेल जाळणारा दिवा करून तो विकत असे. टाकाऊ वस्तूंचे दिवे करण्याची हौस आता शहरांतल्या दुकानांत आणि हॉटेलांत दिसते. खान्देशात ती हौस नव्हती. तो पोटापाण्याचा धंदा होता आणि जवळपास शंभर वर्षे चालला.

घासलेट येण्यापूर्वी असा धंदा होणे शक्यही नव्हते. तापीच्या खोऱ्यात तीळ, जवस, करडई, एरंडी हे सगळे पिकायचे, गावोगाव तेल्याचा घाणा असायचा, वातीला कापूस तर घरचाच. पण बियांचे तेल दाट. ते वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून पणती असो, समई असो की साखळीने टांगलेला लामणदिवा, सगळ्यांची ठेवण मुळात एकच: उघडे, उथळ भांडे आणि तेलाच्या काठालाच ज्योत. वात वर सरकवत राहायचे, काजळी झाडायची, तेल घालायचे. दिवा म्हणजे ठरावीक घडणीचे भांडे, आणि ते घडवायला कुंभार तरी हवा नाहीतर तांबट-कासार तरी. वाटेल त्या वस्तूचा दिवा करता येत नव्हता.

घासलेटने ही अट मोडली. पातळ तेल वातीतून वीतभर सहज चढते, त्यामुळे तेल खाली आणि ज्योत वर ठेवता येते. झाकण असलेले, न गळणारे कोणतेही भांडे, त्याला वरून एक भोक, भोकात नळी आणि नळीत चिंधीची वात, एवढ्यावर दिवा तयार. औषधाची बाटली, शाईची दौत, पत्र्याची डबी, काहीही चाले.

हे तेल खान्देशात उतरले ते रेल्वेने. 1860 च्या दशकात जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा टाकला गेला. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव हे गाव त्या कापसावर आणि त्या रेल्वेवरच वाढले. कापसाच्या गाठी मुंबईकडे जात आणि मुंबईहून येणाऱ्या मालात पुढे घासलेटचे डबे दिसू लागले. 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागले, त्यानंतर दोन-तीन दशकांत ते तापीकाठच्या झोपडीत जळू लागले. धुळ्याला रेल्वे मिळायला 1900 साल उजाडले. चाळीसगावहून फाटा निघाला तो त्या वर्षी. तोवर तिकडचे डबे बैलगाडीनेच जात.

डबा चौकोनी, चार गॅलनचा, म्हणजे सुमारे 18 लिटरचा. दोन डबे मिळून एक लाकडी खोके. तेल संपले की खरा व्यवहार सुरू होई. खोक्याच्या फळ्यांचे पाट आणि फडताळे होत. डब्याला वर लाकडी दांडा ठोकला की पाण्याची बादली, कापून उघडला की छपराचा पत्रा, तसाच ठेवला की धान्याचे माप.

या रिकाम्या डब्याची किंमत युरोपातल्या बड्या व्यापाऱ्यांना उशिरा कळली. लंडनच्या मार्कस सॅम्युअलने रशियाचे तेल डब्यांऐवजी थेट जहाजाच्या टाक्यांतून पूर्वेकडे आणायची शक्कल काढली. 1892 च्या ऑगस्टमध्ये त्याचे ‘म्युरेक्स’ हे जहाज सुएझ कालव्यातून पार झाले. तेल स्वस्त पडले आणि तरीही खपेना. सॅम्युअलचा हिशेब असा, की पूर्वेकडचा गिऱ्हाईक स्वतःचे भांडे घेऊन तेल न्यायला येईल. गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता. अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे निळे डबे आशियाभर छपरापासून चहाच्या गाळणीपर्यंत सगळ्या कामांना लागत होते. शेवटी सॅम्युअलने नुसता पत्रा जहाजांनी धाडला आणि बंदराबंदरांत तांबड्या रंगाचे डबे करून घेतले. मग तेल खपले. याच धंद्यातून पुढे शेल कंपनी उभी राहिली. भारतात डब्यांच्या पत्र्याचा खप इतका होता, की 1920 मध्ये बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून जमशेदपूरजवळ टिनप्लेट कंपनीच काढली. जगातल्या सर्वांत श्रीमंत तेल व्यापाऱ्यांना आशियातल्या गरिबांच्या भंगाराची अशी दखल घ्यावी लागली.

पत्र्याचे काम करणाऱ्याचे दुकान म्हणजे एक पोते, कातर, लाकडी हातोडी, लोखंडी ऐरण आणि निखाऱ्यांची शेगडी. डबा फाडून पत्रा सपाट करायचा, पट्टी कापून गोल वळवायची, कडा एकमेकींत अडकवून ठोकायच्या. मग सांध्यावर नवसागर फिरवून तापलेल्या टोकाने कथील-शिशाचा डाख द्यायचा. तळ बसवायचा, वरच्या झाकणात नळी, बाजूला बोट घालण्यापुरता कान. सगळी परीक्षा डाखाची. तो कच्चा राहिला तर तेल पाझरे आणि रात्री ज्योत बाहेरून चिमणीच्या अंगावर उतरे. चांगला कारागीर म्हणून चिमणीत आधी पाणी भरून ती उलटी धरी. याच हाताने गळक्या घागरीला ठिगळ, चाळणीला नवी जाळी, दुधाचे माप, कंदिलाची टाकी अशी शंभर कामे होत. चिमणी हा त्यातला सर्वांत स्वस्त माल.

स्वस्त आणि धोक्याचा. बियांचे तेल सांडले तर डाग पडतो, घासलेट सांडले तर घर पेटते. बाटलीची चिमणी उंच, हलकी आणि बुडाला अरुंद, त्यामुळे मांजराच्या धक्क्याने किंवा मुलाच्या हाताने कलंडायची. कडब्याच्या गंजी, कापसाचे ढीग, कुडाची घरे यांच्या शेजारी हा दिवा दररोज जळत होता. श्रीलंकेतले शल्यविशारद विजय गोडकुंबुर यांनी अशा बाटल्यांनी भाजलेले रुग्ण पाहून पुढे बुटकी, जड, चपट्या बाजूंची आणि फिरकीच्या झाकणाची बाटली तयार केली. पडली तरी ती गडगडत नाही आणि झाकणही निघत नाही. 1998 मध्ये त्यांना त्याबद्दल रोलेक्स पुरस्कार मिळाला. इतकी साधी सुधारणा सुचायला शंभर वर्षे का लागावीत? उत्तर कडवट आहे: ज्यांना ही चिमणी वापरावी लागे त्यांच्यासाठी डोके चालवायला कोणी बसले नव्हते.

बऱ्या परिस्थितीच्या घरात कंदील असे. न्यूयॉर्कचा डीट्झ, जर्मनीचा फॉयरहँड, आणि स्वदेशीच्या काळात कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’. ओगले काच कारखान्याचा हा कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला. काच आणि वात बोहऱ्याच्या दुकानात मिळे. तडकलेली काच लगेच टाकत नसत, कागदाची पट्टी चिकटवून आणखी काही महिने ढकलत. रस्त्यावरही कंदीलच. धुळ्याच्या भर बाजारातल्या चौकाला आजही ‘पाच कंदील’ म्हणतात. कॅप्टन ब्रिग्जने 1819 नंतर वसवलेल्या या आखीव शहरात कलेक्टर कचेरी, सरळ रस्ते, पेठा अशा कितीतरी खुणा आहेत, पण लोकांच्या तोंडी बसला तो दिव्यांचा चौक. भुसावळला रेल्वेच्या लॅम्पमनचे स्वतंत्र जग होते: सिग्नलचे दिवे उतरवायचे, पुसायचे, तेल भरून पुन्हा चढवायचे. गार्डाची लाल-हिरव्या काचेची हातबत्ती तिथलीच. आज जुन्या बाजारात त्या बत्तीला जो भाव मिळतो, तो ऐकून कोणा जुन्या लॅम्पमनला हसूच आले असते.

दिव्यावरचे आवरण, म्हणजे ज्याला आता शेड म्हणतात, तेही खान्देशात हातानेच होत असे, पण वर्षातून एकदाच. दिवाळीच्या आठवडाभर आधी आकाशकंदिलासाठी बुरुडाकडून कामट्या येत. दोऱ्याने षटकोन किंवा चांदणी बांधायची, घरच्या खळीने पतंगाचा कागद चिकटवायचा, खाली झिरमिळ्या सोडायच्या. आत पणती नाहीतर तेलाची डबी, आणि वारा सुटला की कंदीलच पेटायचा. कागद, कामटी आणि ज्योत यांमध्ये अंतर किती ठेवायचे याची अक्कल दहा-बारा वर्षांच्या पोरांना असे. हल्ली शेड शिवणाऱ्यांना हेच शिकण्यासाठी पैसे मोजावे लागतात.

जवळच्याच वस्तूंतून शोभा उभी करण्याचा सर्वांत मोठा प्रयोगही खान्देशातच झाला. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नगराच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले आणि अट घातली, की सामान खेड्यातले आणि हातही खेड्यातले. बांबू, चटया, टोपल्या, नेहमीची बैलगाडी यांतून बोस यांनी अधिवेशनाचे टिळकनगर सजवले. सोबत खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते.

अखिल भारत ग्रामोद्योग संघ 1934 च्या अखेरीस वर्ध्याला स्थापन झाला होता. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथल्या मगनवाडीत तेलघाणी, कागद, गूळ यांबरोबर दिव्याचाही विचार झाला, आणि त्यातून निघाला ‘मगनदीप’. तेल परदेशी कंपनीचे, पैसा परदेशात, आणि गावचा तेली रिकामा, हे कुमारप्पांना खुपत होते. म्हणून घासलेटच्या कंदिलात फेरफार करून त्यात बियांचे तेल जाळायचे. दुसऱ्या महायुद्धात घासलेट मिळेनासे झाले तेव्हा या दिव्याची आठवण अनेकांना झाली. पण दाट तेल वातीत चढवण्याची जुनीच अडचण, शिवाय खायच्या तेलाचा भाव. युद्ध संपले, घासलेट परतले आणि मगनदीप मागे पडला. विचार म्हणून तो चोख होता, बाजारात मात्र घासलेटपुढे टिकण्यासारखा नव्हता.

वीज आली ती आधी शेतात. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झाले, 1968 मध्ये भुसावळजवळच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. तिथल्या वसाहतीचे नावही दीपनगर. त्या दशकातल्या दुष्काळांनंतर देशभर विद्युत पंपांवर भर होता, आणि रावेर-यावलच्या केळीला पाणी हवेच होते. विहिरीवर मोटार घुमायची आणि त्याच शेतकऱ्याच्या सालदाराच्या घरात चिमणी जळायची. पुढे पत्र्याच्या डब्याची जागा प्लास्टिकच्या कॅनने घेतली आणि चिमणी करणाऱ्याचा कच्चा मालच संपला. त्याचा धंदा विजेने बुडवला असे सगळे म्हणतात, पण प्लास्टिकचा वाटाही तितकाच आहे. भारनियमनाच्या वर्षांत चिमण्या पुन्हा निघाल्या, त्या बहुतेक बाटलीच्या. पत्र्याला डाख देणारा हात तोवर विरळ झाला होता.

आता उलटे चक्र सुरू आहे. कंदील, गॅसबत्ती, रेल्वेची हातबत्ती, पितळी हंडी यांत होल्डर बसवून विजेचे दिवे होतात. त्यात वाईट काही नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकात चिनी फुलदाण्यांचे तेलाचे दिवे झाले आणि पुढे त्यांतच विजेच्या तारा गेल्या. फक्त जुन्या वस्तूला भोक पाडू नये. तार नळीतून किंवा तेलाच्या तोंडातून नेता येते, धातूच्या दिव्याला अर्थिंग द्यावेच लागते, आणि पुढे कोणाला बल्ब काढून वस्तू मूळ रूपात आणावीशी वाटली तर ती वाट खुली राहिली पाहिजे. जी.आय.पी.चा शिक्का असलेली बत्ती भोक पाडून दिवाणखान्यात लावणारा माणूस तिची निम्मी किंमत स्वतःच घालवतो.

पितळेच्या दिव्यांचे नशीब चांगले. पुण्यात चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव हिंडून ते जमवले, 1961 मध्ये भारत सरकारने त्यांचे ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक काढले, आणि राजा केळकर संग्रहालयात ते दिवे आज पाहता येतात. घासलेटच्या डब्याची चिमणी कोणी असे हिंडून गोळा केली नाही. ती गंजली आणि भंगारात गेली. खान्देशातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून एखादी सापडू शकते. सापडली तर तिला बल्ब लावायची घाई करू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. ती कोणत्या गावची, कोणत्या बाजारातून आणली, कोणाच्या हातची आणि पत्र्यावर कोणत्या कंपनीचा छाप आहे, एवढे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी तिच्या कानाला बांधा आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे चौकशी करा.