काचेची बखर

राजेरजवाड्यांच्या बखरी पुष्कळ आहेत. मोटारीच्या खिडकीची मात्र कोणी लिहिली नाही. ज्याच्या कानाशी ती खडखडली त्यालाच तिची थोरवी कळते.

पूर्वी सारे शांत होते, कारण काचच नव्हती. १९०८ साली निघालेली फोर्डची मॉडेल टी बहुतेक उघडीच असे. पाऊस आला की बाजूंना पडदे बांधायचे. पुढे बंद मोटारी आल्या, काच दाराच्या पोटात उतरू लागली आणि खडखडाट जन्मला. काच सरकायची तर फट हवी, फट आली की काच हलणार! म्हणून दोन्हीकडे फेल्टची खाच करून ती काच धरायची. विलायतेतल्या मिनीने १९५९ साली काच आडवी सरकवून पाहिली. पण जगाला वरखालीच आवडली.

हा इतिहास करडीला आमच्या काकांच्या जुन्या मोटारीतून पोचला. गाडीचे नाव सांगत नाही. दोष कारखान्याचा नव्हताच, वयाचा होता आणि धुळीचा. रात्री-अपरात्री कुणाला भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचे असले की हीच गाडी निघे. तिचा खडखडाट मात्र काकूंना असह्य झाला.

तुमसरचा मिस्त्री आला. काकांना गाडी चालवायला लावून त्याने काचेवर तळहात दाबला. आवाज बंद! "काकाजी, काच बरी हाये, फेल्ट गेला." मग त्याने दारात कागदाची पट्टी धरून दार लावले आणि पट्टी ओढली. ती अल्लद निघाली. म्हणजे रबरही गेले, शीळ तिथूनच. दार आपटल्यावर पोटात 'ठण्ण' वाजले, तो सुटलेला स्क्रू. नाडीपरीक्षा संपली. दुपारपर्यंत गाडी मुकी झाली आणि काकू प्रसन्न.

आठवड्याने पलीकडच्या आळीत एका पोराला रात्री ताप चढला. निरोप आला, काका निघाले. पण पोराला घोंगडीत गुंडाळून तयार कोण असणार? घरची माणसे खडखडाटाकडे कान लावून बसली होती आणि गाडी गुपचूप दारात येऊन उभी! कुणीतरी बाहेर डोकावले तोवर दहा मिनिटे गेली. पोर वाचले. पण त्याची आजी काकांना म्हणाली, "तुमची गाडी आता चोरावानी येते, बाप्पा." त्या दिवसापासून काका वळणापासूनच भोंगा वाजवीत येऊ लागले. काकूंनी कपाळाला हात लावला.

आता विजेच्या गाड्या आल्या. इंजिनाचा आवाज गेला, तसा काचेवरचा वारा जास्तच ऐकू येऊ लागला. म्हणून काही गाड्यांत काचेच्या दोन थरांमध्ये मऊ पापुद्रा घालतात. आतल्यांना शांतता हवी ना! आणि युरोपात २०१९ पासून नव्या नमुन्याच्या विजेच्या गाड्यांना सावकाश चालताना मुद्दाम आवाज करण्याची सक्ती झाली, कारण रस्त्यावरच्या माणसाला त्या ऐकूच येईनात. करडीच्या आजीने हे फार पूर्वी सांगितले होते. तिला कोणी समितीवर घेतले नाही, एवढेच.